सोलापूरच्या वाड्यांवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी

एकोणिसाव्या शतकातील वास्तू आणि त्यांचे नक्षीकाम या विषयावर मी सोलापुरात राहून पीएच.डी. करीत आहे. या विषयाकडे वळणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, दप्तरखान्यात शिरण्यापूर्वी निदान एक वाडा स्वतःच्या हाताने मोजावा आणि रेखाटावा. छायाचित्रात महिरप दिसते. तिच्या लाकडाचे सांधे, तळखड्याची म्हणजे खांबाखालच्या दगडाची झीज आणि रंगाचे एकावर एक चढलेले थर मात्र टेप घेऊन जवळ उभे राहिल्यावरच कळतात.

काळ ठरवणे हे सर्वांत अवघड काम आहे. सोलापुरास रेल्वे १८६० साली पोहोचली आणि त्यानंतर ओतीव लोखंडाचे कठडे, तुळया असे जड सामान बाहेरून आणणे सोपे झाले. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. त्यामुळे एखाद्या वाड्यावर माळवदाऐवजी (मातीच्या सपाट छपराऐवजी) मंगलोरी कौले दिसली, तर ते छप्पर त्यानंतरचे, एवढे नक्की म्हणता येते. पण छपराचा काळ तो वाड्याचा काळ नव्हे. खालचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचे तक्तपोस, छपराहून जुना असू शकतो, आणि मोडलेल्या वाड्याचे सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले लाकडी) खांब नव्या घरात बसवलेले असतील, तर ते खुद्द घराहूनही जुने ठरतात. म्हणून खांब, तुळई, कौले, कठडा यांची नोंद वेगवेगळी ठेवावी आणि सगळ्या वाड्याला एकच साल लावण्याची घाई करू नये.

मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले आणि त्याच्या शिल्पकामात जे.जे. कलाशाळेचा हात होता, हे नोंदलेले आहे. आपल्याकडच्या सुतारांची नावे सहसा कुठेच सापडत नाहीत. एवढ्यावरून त्यांच्या कामाला मुंबईची नक्कल ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

मोडी शिकणे अपरिहार्य आहे. घरातल्या जुन्या वह्या कन्नडात निघण्याचीही तयारी ठेवावी. १८८४ चे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आरंभी वाचून काढावे. वाड्यात शिरताना घरातल्या काकूंची परवानगी घ्यावी, देवघराचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये आणि तयार नकाशाची एक प्रत त्या घरी नेऊन द्यावी. जो वाडा पाडण्याची बोलणी चालू आहेत, त्याची मोजणी विद्यापीठाच्या मंजुरीची वाट न पाहता आधी करावी.