ग्राफिक्स कार्डच्या सेटिंग्ज: चित्र स्वच्छ आणि सलग दिसण्यासाठी काय बदलावं

गेम खेळताना ‘चित्र नीट दिसत नाही’ म्हणणारे दोघे पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एकाला वस्तूंच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात, दुसऱ्याला चित्र सरकताना झटके जाणवतात. कडा मऊ करायच्या तर ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या चित्र तयार करणाऱ्या भागावर, भार टाकावा लागतो आणि झटके घालवायचे तर तोच भार उतरवावा लागतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी नेमकं दुखणं ओळखा.

गेममध्ये विजेचा खांब आणि त्याची तार दिसेल अशा जागी उभे राहा. तिरकी तार आभाळावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असेल, तर दोष कडांचा. आता माउस एका गतीने आडवा फिरवा. खांबाचा एक भाग पुढे आणि दुसरा मागे राहिल्यासारखा मध्येच कापलेला दिसला, तर ते टेअरिंग. खांब अख्खा आहे पण उड्या मारत सरकतो, तर फ्रेम, म्हणजे कार्डाने एकामागून एक तयार केलेली चित्रं, वेळेवर येत नाहीयेत. ही जागा लक्षात ठेवा, प्रत्येक बदलानंतर इथेच परत यायचं आहे.

सुरुवात केबलपासून करा. डेस्कटॉपला वेगळं कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं करत अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, बघा. माझा १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येक महिने ६० वरच चालत होता, आणि मी मात्र गेममधल्या सावल्या कमी-जास्त करत बसलो होतो. आकडा बदलताच आधी फरक दिसला तो माउसच्या बाणात: भरभर फिरवल्यावर त्याच्या दोन ठशांमधलं अंतर निम्म्याहून कमी झालं. ६० हर्ट्झला पडद्यावर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला दर ६.९ मिलिसेकंदांनी.

ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर) जुना असेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. लॅपटॉपवर डिस्प्लेमधल्याच ग्राफिक्स विभागात जाऊन त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा, नाहीतर प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवरच तो चालत राहू शकतो.

टेअरिंगवर सर्वांत चांगला उपाय म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंक. यात मॉनिटर स्वतःचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो. ते मॉनिटरच्या मेनूमध्ये आणि कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये, दोन्हीकडे चालू आहे ना ते तपासा. शिवाय फ्रेमची कमाल मर्यादा रिफ्रेश रेटच्या जरा खाली ठेवा, १४४ ला १४० चालेल. मॉनिटरमध्ये ही सोय नसेल तर व्ही-सिंक आहेच, त्यात उलट कार्ड मॉनिटरच्या वेगासाठी थांबतं, पण जपून. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्डाला सेकंदाला ६० फ्रेम पेलत नसतील, तर चुकलेली फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत ताटकळते आणि ६० वरून थेट ३० वर घसरण होऊ शकते. अशा वेळी आधी भार उतरवा.

भार उतरवताना सगळंच ‘लो’ करू नका. आधी रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली दाखवणं) बंद करा, मग सावल्या आणि प्रतिबिंबं एकेक पायरी खाली आणा. तरी भागलं नाही तर रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या पिक्सेलची संख्या, कमी करा: ४के मध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, १०८०पी मध्ये सुमारे २१ लाख. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलमध्ये काढलेलं चित्र मोठं करून दाखवण्याची सोय) असेल तर त्याचा ‘क्वालिटी’ पर्याय घ्या. टेक्श्चरचं, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रांचं, गणित मात्र वेगळं आहे. ते कार्डाच्या मेमरीत मावत असतील तर उंच ठेवले तरी वेग फारसा पडत नाही, मावले नाहीत तर मोठे झटके बसतात. माझ्या मते सेकंदाला सरासरी किती फ्रेम येतात यापेक्षा त्यांचा एकसारखेपणा महत्त्वाचा. ५० ते ९० मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा ६० वर स्थिर बांधलेला गेम डोळ्यांना कितीतरी सुखाचा वाटतो.

आता कडा. त्या मऊ करण्याला अँटी-अलायझिंग म्हणतात आणि गेममध्ये त्याचे काही प्रकार मिळतात. एफएक्सएए हलकं असतं, पण सगळं चित्र थोडं धूसर करतं. एमएसएए कडा रेखीव ठेवतं, मात्र कार्डाला घाम फोडतं. टीएए चालत्या चित्रात तारा आणि कुंपणं छान सांभाळतं, वेगाने हलणाऱ्या वस्तूंमागे मात्र कधीकधी पुसट शेपूट उरते. हे पर्याय गेमच्या आतूनच निवडा, कारण कंट्रोल पॅनलमधून लादलेलं अँटी-अलायझिंग बरेच नवे गेम जुमानत नाहीत. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या कोनातून दिसणारे पृष्ठभाग रेखीव ठेवणारी सेटिंग) १६एक्स वर ठेवा. खर्च किरकोळ, आणि लांबवर गेलेल्या रस्त्यावरचे पट्टे स्पष्ट दिसतात.

कंट्रोल पॅनलमध्ये काही बदलायचंच असेल, तर सगळ्या प्रोग्रॅमसाठी न बदलता त्या एका गेमपुरतं बदला. एका वेळी एकच बदल करा आणि खांबापाशी दोनदा फिरून मगच ठरवा, कारण पहिल्या फेरीत शेडर (दृश्य रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असल्याने नाहक झटके बसू शकतात. आणि गेम पहिला अर्धा तास उत्तम चालून नंतर अडखळू लागला, तर सेटिंग तशाच राहू द्या. कार्डाचं तापमान बघा, कॉम्प्युटर बंद करून पंख्यांवरची धूळ काढा.