पुढचा अॅक्सल: डाना ४४ ठेवायचा की डाना ६० घालायचा?

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन दगडांत जायचं ठरलं म्हणून लगेच डाना ६० शोधायला धावू नका. (डाना ४४ आणि त्याहून दणकट डाना ६० हे डाना कंपनीचे अॅक्सल.) आधी टायर ठरवा. अॅरिझोनात माझ्याकडे १९७९ ची फोर्ड एफ-१५० आहे. खाली मूळचाच डाना ४४, टायर ३५ इंची, पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आणि क्रोमोली या मजबूत पोलादाचे अॅक्सल शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे). एवढ्यात तो उत्तम टिकतो. पण टायर ३७ इंची असले, लॉकर लागलेला असला आणि चाकं पूर्ण वळवून तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला, तर शाफ्टमधला वळणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, नाहीतर त्याला धरणारे शाफ्टचे कान तुटतात. असंच चालवणार असाल तर ६० घ्याच. अॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राउन व्हील, ४४ चं ८.५ इंची, ६० चं ९.७५.

मग गाडीखाली शिरा. ट्रान्स्फर केसमधून (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) पुढचा प्रोपेलर शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा हवा. माझ्या फोर्डमध्ये तो डावीकडे, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रायव्हरच्या बाजूला. शेवरोलेच्या जुन्या ट्रकचा डाना ६० जंकयार्डात दिसला तरी सोडून द्या, त्याचा गोळा उजवीकडे असतो.

पिनियन, म्हणजे क्राउन व्हील फिरवणारा छोटा गिअर, वरच्या अंगाला असलेला अॅक्सलच घ्या. पुढच्या अॅक्सलमध्ये पिनियन खाली असेल तर गाडी पुढे जाताना सगळा जोर दातांच्या कमजोर बाजूवर येतो. शिवाय वरच्या पिनियनमुळे प्रोपेलर शाफ्ट दगडांपासून उंच राहतो. १९८६ ते १९९१ च्या फोर्ड एफ-३५० मध्ये असा अॅक्सल किंगपिनसह (चाक ज्यावर वळतं तो खुंटा) मिळतो, १९९२ पासून त्याजागी बॉल जॉइंटसह. मी किंगपिनवालाच घेईन. वरची कॅप काढून तिथे स्टिअरिंगचा आर्म बसवता येतो, म्हणजे टाय रॉड (दोन्ही चाकं जोडून वळवणारा दांडा) दगडांच्या वर जातो.

पैसे देण्याआधी झाकण उघडून दात मोजा. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे १० म्हणजे रेशो ४.१०. मागचा रेशोही तोच हवा, नाहीतर फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी भांडत राहतात. ३७ इंची टायरला ४.५६ घालणार असाल तर कॅरियरही (क्राउन व्हील ज्यावर बसतं तो भाग) बदलावा लागेल, कारण ४.१० चा तिथे चालत नाही. हा खर्च आधीच धरा.

वेल्डिंगही धरा. एफ-३५० चा अॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसतो, एफ-१५० ला पुढे कॉइल स्प्रिंग आणि अॅक्सल धरणारे रेडियस आर्म आहेत. जुने ब्रॅकेट कापून नवे लावावे लागतात. आणि चाकाला पाचाऐवजी आठ बोल्ट येतात. मागचा अॅक्सलही आठ बोल्टचा करा, नाहीतर दोन स्टेपन्या वागवाव्या लागतील.