धरलेल्याला ढकललं तर पकड सुटते का?

एकदा डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) खेळताना या प्रश्नावरून आमची लढाई अर्धा तास अडली होती. फायटरने (योद्ध्याने) ओगर नावाच्या राक्षसाला ग्रॅपल करून, म्हणजे पकडून, धरलेलं. विझर्डने (जादूगाराने) बाजूने थंडरवेव्ह हा ढकलणारा मंत्र टाकला, ओगरचा सेव्ह (बचावाचा फासा) फसला, म्हणजे तो १० फूट मागे. फायटर म्हणे, "मी सोडलंच नाही, तर तो जाईल कसा?" डीएम (खेळ चालवणारा, नियमांचा निवाडा करणारा) मी. त्याच्या आवाजाला दबून मी फायटरलाही ओगरमागे फरपटवलं. चूक होती. तेव्हापासून अशी वेळ आली की आधी नकाशावरचे चौकोन (एक चौकोन म्हणजे ५ फूट) मोजतो, वाद नंतर.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ग्रॅपल झालेल्याचा स्पीड (एका पाळीत चालता येणारं अंतर) शून्य होतो. पण स्पीड लागतो तो स्वतः चालायला. दुसऱ्याने ढकललं तर तो खर्चच होत नाही, त्यामुळे शून्य स्पीडवाला आरामात उडून जातो. हलवून झालं की दोघांतलं अंतर बघा. पकडीच्या पल्ल्याबाहेर गेला, पकड संपली. वेगळा रोल (फासा) नाही. २०१४ च्या नियमांत तर उदाहरणच थंडरवेव्हचं दिलंय! २०२४ मध्येही कसोटी अंतराचीच.

म्हणून मित्राला सोडवायचं असेल तर किती ढकलता यापेक्षा कुठून ढकलता ते बघा. समजा मित्र आणि पकडणारा दोघेही मीडियम (माणसाएवढ्या आकाराचे), शेजारशेजारच्या चौकोनांत. मित्राला सरळ लांब ५ फूट सरकवलं की सुटला. तेच ५ फूट आडवं सरकवलं तर तो तिरक्या चौकोनात जातो आणि पकडीतच राहतो. आडवं ढकलायचं तर १० फूट लागतात. मित्राऐवजी पकडणाऱ्याला ढकललं तरी चालतं, आणि मला तेच बरं वाटतं. मार शत्रूला बसतो.

लांब हातांच्या राक्षसांपुढे मात्र हे चालत नाही. रोपर नावाच्या राक्षसाच्या सोंडा २०१४ च्या नियमांत ५० फुटांपर्यंत पोहोचतात. १० फूट ढकलून तुम्ही फक्त त्याचं ओढण्याचं काम वाढवता.

पकडणारा आणि धरलेला दोघेही एकाच थंडरवेव्हमध्ये सापडले आणि दोघांचेही सेव्ह फसले तर? माझ्या टेबलावर दोघांना एकदमच सरकवतो. अंतर तेवढंच राहिलं तर पकडही राहते. एकेकाला हलवणारे डीएम असतात, तेव्हा खेळ सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.

आता उलटं: पकड तुमची आहे आणि ती टिकवायचीय. मग शव्ह (धक्का देण्याची चाल) वापरून धरलेल्याला लांब ढकलू नका, प्रोन (आडवं) पाडा. उठायला अर्धा स्पीड लागतो, आणि त्याचा तर शून्य. स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा मंत्र) पसरलेला असेल तर कडेकडेने चालत त्याला त्यातून ओढा: दर ५ फुटांना २डी४ (चार बाजूंचे दोन फासे) इतकी इजा. फक्त तुमचा स्वतःचा पाय काट्यांत पडू देऊ नका. आमच्या बार्बेरियनला हे तिसऱ्या वेळी समजलं.