प्लेटवर बॅक्टेरियाच्या कॉलनी (ठिपक्यांसारखे पुंजके) येत नव्हत्या, शेवटी साध्या थर्मामीटरने सुटलं (माझा अनुभव)

आमची आयजेमची (सिंथेटिक बायोलॉजीची आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धा) टीम, पॅरिसच्या जांबोरीला (स्पर्धेचा शेवटचा मेळावा) चार महिने राहिलेले आणि इथे ई. कोलाय बॅक्टेरियामध्ये साधा प्लाझ्मिडच (डीएनएचं छोटं वर्तुळ) जाईना. तीन आठवडे क्लोरॅम्फेनिकॉलच्या (अँटिबायोटिक, प्लाझ्मिड आत गेलेल्या सेल्सच यावर वाढतात) प्लेटा कोऱ्या. आधी आयजेमच्या किटमधल्या सुकवलेल्या डीएनएवर संशय घेतला, पण किटच्या खळग्यात (वेलमध्ये) १० मायक्रोलिटर पाणी घातलं की डीएनएसोबतच्या रंगाने पाणी लाल होतं, ते झालं होतं. मग कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणारे बॅक्टेरिया) परत बनवल्या, सगळं बर्फात ठेवून, रात्री दोन वाजेपर्यंत, तरी तेच.

मग सिनियर ताई म्हणाली, अगं कंट्रोल कुठेयत तुझे? कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीच्या प्लेटा, त्या खरंच नव्हत्या, घाईत सोडून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच सेल्स अँटिबायोटिक नसलेल्या प्लेटवर टाकल्या तर भरभरून वाढल्या, म्हणजे जिवंत आहेत, पण पीयूसी१९ (चाचणीसाठीचा नेहमीचा प्लाझ्मिड, अँपिसिलिन या अँटिबायोटिकपासून वाचवणारा) घालून अँपिसिलिनवर टाकल्या तर शून्य. म्हणजे आमचा प्लाझ्मिड किंवा क्लोरॅम्फेनिकॉल नाही, सेल्स नाहीतर हीट शॉक (डीएनए आत जावा म्हणून ४२ अंशांचा थोडा वेळ झटका) यातच गडबड.

वॉटर बाथच्या डिस्प्लेवर ४२ दिसत होतं, मी सहज काचेचा थर्मामीटर पाण्यात धरला तर ३८! पाणीपण कमी होतं, ट्यूब अर्धी वरच राहायची. पाणी भरलं, थर्मामीटर बघून ४२ वर आणलं, ४५ सेकंद, लगेच बर्फात २ मिनिटं, मग एसओसी (पोषक द्रव) घालून ३७ ला एक तास.

सकाळी प्लेट उघडली तर आरएफपीच्या (आमच्या प्लाझ्मिडमधून बनणारं लाल प्रोटीन) लाल लाल कॉलनी, मोजत बसले, ६३ होत्या. ताईला फोन करताना रडूच आलं मला.