जर्मनमध्ये 'आल्स' आणि 'वी'च्या आधी कॉमा: या चुका टाळा

जर्मन शिकवताना वह्या तपासते तेव्हा सगळ्यात जास्त लाल पेन चालतं ते कॉमावर, आणि त्यातही 'आल्स' (पेक्षा) नि 'वी' (इतका, सारखा) असलेल्या तुलनेच्या वाक्यात. एकाच वहीत दोन उलट्या चुका सापडतात, जिथे नको तिथे कॉमा आणि जिथे हवा तिथे नाही. परवाच्याच एका पत्रलेखनातल्या दोन ओळी बघा:

माइने श्वेस्टर इस्ट युंगर, आल्स इश.
दी वोनुंग इस्ट टॉयरर आल्स इश डाख्टे.

पहिली म्हणजे 'माझी बहीण माझ्यापेक्षा लहान आहे', दुसरी 'घर मला वाटलं त्यापेक्षा महाग आहे'. दोन्ही चुकल्यात. पहिल्यातला कॉमा काढून दुसऱ्यात टाकायचा, झालं काम.

हे का होतं ते मला आता नीट कळतं. आपण सुरुवातीलाच 'आल्स इश क्लाइन वार', म्हणजे 'मी लहान होतो तेव्हा', हे शिकतो, तिथे कॉमा लागतो म्हणून डोक्यात बसतं की आल्स दिसला की कॉमा. आणि इंग्रजीतून आलेली मुलं उलट करतात, कारण इंग्रजीत 'दॅन आय थॉट'च्या आधी कॉमा नसतो. त्यात मराठीची मदत शून्य, आपला 'पेक्षा' शब्दालाच चिकटतो, त्याच्या आधी कॉमा द्यायची वेळच येत नाही. आणि बोलताना जिथे थांबतो तिथे कॉमा, ही शाळेतली सवय तर जर्मनमध्ये सोडाच, तिथे कॉमा श्वासासाठी नसतो, वाक्याची रचना दाखवायला असतो.

मग ओळखायचं कसं? आल्स किंवा वीच्या पुढचा भाग बोटाने वेगळा करा आणि त्यात कर्त्याप्रमाणे बदललेलं क्रियापद आहे का बघा. 'आल्स इश' मध्ये नाही, म्हणून कॉमा नाही. 'आल्स इश डाख्टे' मध्ये डाख्टे आहे, म्हणजे ते पूर्ण उपवाक्य झालं, कॉमा हवाच. अर्थ तोच असला तरी फरक पडतो बरं का: 'एर इस्ट ग्र्योसर आल्स डू' (तो तुझ्यापेक्षा उंच आहे) ला कॉमा नाही, पण 'एर इस्ट ग्र्योसर, आल्स डू बिस्ट' म्हटलं की शेवटच्या 'बिस्ट'मुळे कॉमा आला. वीचंही तसंच, 'झो आल्ट वी एर' (त्याच्याइतक्याच वयाचा) आणि 'झो श्नेल वी म्योग्लिश' (शक्य तितक्या लवकर) ला काही नाही, पण 'एस वार झो टॉयर, वी इश डाख्टे' (मला वाटलं तितकंच ते महाग होतं) ला कॉमा.

इथे हमखास फसवणारा प्रकार म्हणजे 'बेसर आल्स गेडाख्ट' (वाटलं त्यापेक्षा चांगलं). गेडाख्ट क्रियापदासारखं दिसतं खरं, पण ते कृदंत आहे, कर्त्याप्रमाणे बदलत नाही, सोबत 'हाटे'सारखं सहायक क्रियापदही नाही, म्हणून कॉमा नाही. 'बेसर, आल्स इश गेडाख्ट हाटे' म्हणालात की मात्र हवा.

आता बोटाची युक्ती जिथे चालत नाही ती जागा. 'एस गिब्ट निश्ट्स श्योनरेस, आल्स इम रेगन टे त्सू ट्रिंकन', म्हणजे पावसात चहा पिण्यासारखं सुख नाही. इथे आल्सनंतर बदललेलं क्रियापद नाही, तरी कॉमा लागतो, कारण 'त्सू'वालं क्रियापद आहे, म्हणजे आधी 'त्सू' लागलेलं मूळ रूप, जसं इथे 'त्सू ट्रिंकन' (पिणं). १९९६ च्या जर्मन शुद्धलेखन-सुधारणेत अशा ठिकाणी बरीच मोकळीक दिली होती, २००६ पासून आल्सने सुरू होणाऱ्या त्सू-गटाला कॉमा पुन्हा सक्तीचा झाला. जुनं पुस्तक वापरत असाल तर एवढं तपासून घ्या.

बाकी किरकोळ: 'इश आर्बाइटे आल्स लेररिन' मध्ये तुलना नाहीच, नुसतं 'शिक्षिका म्हणून', कॉमा नको. 'झोवोल आल्स आउख' (हेही आणि तेही) च्या जोडीलाही नको. 'वी गेझाग्ट' (म्हटल्याप्रमाणे) सारख्या सुटसुटीत शब्दांना दिला काय नि नाही दिला काय, दोन्ही चालतं. 'ये श्नेलर, डेस्टो बेसर' (जितकं लवकर तितकं चांगलं) मध्ये मात्र क्रियापद नसूनही कॉमा पक्का.

आणि शेवटची, चांगल्या चांगल्या मुलांची राहून जाणारी चूक. उपवाक्य मधोमध आलं तर कॉमा दोन लागतात: 'मेअर लॉयटे, आल्स विर एरवार्टेट हाटन, कामेन', म्हणजे 'आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लोक आले'. पहिला सगळे देतात, 'हाटन' नंतरचा विसरतात, म्हणून पत्र लिहून झालं की मधल्या उपवाक्याच्या शेवटच्या क्रियापदापाशी जाऊन तेवढं एकदा बघाच.