बटाट्याच्या फोडी रश्श्यात विरघळू नयेत म्हणून काय करायचं

रस्सा सकाळी करून ठेवायचा असेल, दुपारी परत गरम करायचा असेल, तर फोडींचा हमखास लगदा होतो. त्यावर उपाय आहे, फक्त अर्धा तास आधी सुरुवात करावी लागते.

भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या, लांब साखळ्यांच्या डिंकासारख्या पदार्थामुळे, आणि उकळत्या पाण्यात हेच पेक्टिन तुटून विरघळतं म्हणून भाजी मऊ पडते. पण बटाट्यात पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते साधारण ५५ ते ६५ डिग्रीला जोरात काम करतं आणि पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) काढून टाकतं. मग त्या मोकळ्या जागांना भाजीतलंच कॅल्शियम धरतं आणि पेक्टिनच्या दोन साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. असं एकदा झालं की नंतर खळाखळा उकळलं तरी फोड धरून राहते.

आता कृती. अर्धा किलो बटाट्याच्या मोठ्या फोडी करा. दीड लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात एक लिटर नळाचं साधं पाणी ओता, लगेच फोडी टाका आणि झाकण ठेवा. फोडी टाकल्यावर पाणी साठीच्या आसपास येतं, थर्मामीटर असेल तर बघाच, नसेल तर बोट बुडवून ठेवता येणार नाही इतपत गरम हवं. थंडीत नळाचं पाणी थोडं कमी घ्या. अर्धा तास हात लावायचा नाही, आणि घाई म्हणून गॅस पेटवायचा तर अजिबात नाही, कारण सत्तरच्या वर गेलं की एन्झाइमच मरायला लागतं आणि सगळी मेहनत पाण्यात. मग फोडी निथळून नेहमीसारख्या फोडणीत टाका. शिजायला थोडा जास्त वेळ लागेल, ते चालतं.

गाजर, फ्लॉवर, फरसबी यांनाही हे लागू पडतं. आधीच उकडलेल्या भाजीला नाही, त्यातलं एन्झाइम गेलेलं असतं. आणि बटाटेवड्याच्या बटाट्याला हे करू नका प्लीज, कुस्करतानाच कळेल.

चिंच-आमसूल आधी घातलं तरी फोडी कडक राहतात, आंबट पाण्यात पेक्टिन सावकाश तुटतं, म्हणून मऊ भाजी हवी असेल तर आंबट शेवटी. खायचा सोडा याच्या बरोब्बर उलट, चिमूटभर जास्त पडला की भाजीची खीर. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही तेही बरंचसं याच कॅल्शियममुळे, आणि कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात त्याचं कारणही हेच, फक्त तिथे नंतर दोन-तीन पाण्यांनी खळखळून धुवायला विसरू नका.