या चुका टाळा : जुन्या ट्रकची काच नवी, तरी केबिनमध्ये पाणी कुठून?

हस्ताचा पाऊस मोहोळच्या पुढे गाठतो, ॲक्सिलेटरवरचा उजवा पाय ओला होतो आणि पहिली शिवी जाते काच बसवणाऱ्याला. आमच्याकडूनही गेली. नंतर गाडी उघडली तेव्हा कळलं की चूक बरीचशी आमचीच होती, थोडी त्याची.

गाडी म्हणजे वडिलांच्या काळातली सोळा-तेरा, टाटाचा १६१३ मॉडेलचा ट्रक. मे महिन्यात पुणे रस्त्याला पुढच्या टिपरमधून खडा उडाला आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. आठ दिवसांत नवी काच बसली. पण मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे ४२ अंशांचं ऊन, तेव्हा काच गळते का हे कळणार कसं? आपल्याकडे खरा जोराचा पाऊस बहुतेक वेळा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. काम होतं वैशाखात आणि त्याची परीक्षा होते हस्तात. तोवर बिल हरवलेलं असतं आणि कारागीर म्हणतो, "मालक, तेव्हाच का नाही आला?" त्याचंही बरोबरच आहे. काच बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी पाण्याचा पाइप लावून बघायचं, ही पहिली चुकलेली गोष्ट.

ओल दिसली की सिलिकॉन भरायचं

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या गाड्यांमध्ये काच चिकटवलेली नसते, ती रबरात बसते. त्या रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काच शिरते, दुसरी केबिनच्या पत्र्याची कड धरून ठेवते. म्हणजे पाण्याला आत यायला दोन स्वतंत्र वाटा आहेत: काच आणि रबर यांच्यामधून, किंवा रबर आणि पत्रा यांच्यामधून. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

त्यात पाणी सरळ आत पडत नाही. वरच्या कोपऱ्यातून शिरलं की ते रबराखालून पत्र्याच्या कडेकडेने उतरतं, काचेच्या बाजूच्या पोकळ खांबात, म्हणजे पिलरमध्ये जातं आणि निघतं थेट पायाखालच्या मॅटखाली. आमच्या गाडीत ओल खालच्या उजव्या कोपऱ्यात होती. तिथे आम्ही सिलिकॉन भरलं. आठ दिवसांनी पुन्हा ओल. पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी तर अख्ख्या खालच्या कडेला बोटाएवढा जाड थर दिला आणि वर डॅशबोर्डवर जुना सोलापुरी टॉवेल अंथरला. परिणाम एवढाच झाला की वरून आलेलं पाणी जे थोडंफार बाहेर निघून जात होतं, तेही आतच अडकलं आणि पत्रा खात बसलं.

स्वस्त सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो ॲसेटिक ॲसिडचा. रंग उडालेल्या पत्र्यावर ते लागलं की गंज धरायला निमित्त मिळतं. आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. आमच्या गाडीचं ते खरवडून काढायला ब्लेड घेऊन पूर्ण एक दिवस गेला.

गळती शोधायची कशी

दोन माणसं, एक पाइप, एक टॉर्च आणि तोंडाला लावायच्या पावडरचा डबा. एवढ्यात काम होतं.

आधी मॅट उचला, पिलरवरचं कव्हर काढा, बॅटरीची वायर सोडा. मग गाडी एक दिवस उन्हात दारं उघडी टाकून पूर्ण वाळू द्या. ही पायरी सगळेच गाळतात. मग आतल्या गादीतलं कालचं पाणी ठिबकतं आणि आपण त्यालाच आजची गळती समजतो.

वाळल्यावर आतल्या बाजूने रबराच्या कडेला आणि पिलरवर पावडर हलकी भुरभुरवा. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल. बाहेरच्याने पाइपला नोझल न लावता बारीक धार सोडायची आणि सुरुवात खालच्या कडेपासून करायची. खालची कड, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं धार धरायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन तर अजिबात नको; पाऊस जिथे कधी शिरला नसता तिथेही ती पाणी घुसवते.

आमच्याकडे धार धरायला मी आणि आत आमचा क्लीनर. खालची कड झाली, काही नाही. उजवी बाजू झाली, काही नाही. "दादा, झोप यायलीय," असं तो म्हणतोय तोवर धार वरच्या उजव्या कोपऱ्यावर गेली. मिनिटभरात पावडरवर सुईएवढी काळी रेघ उमटली आणि ती सावकाश पिलरवरून खाली सरकायला लागली. ज्या कोपऱ्यात आम्ही तीन नळ्या सिलिकॉन ओतलं, त्यापासून गळती हातभर वर होती.

रेघ दिसली की तिथली आतली रबराची ओठ बोटाने हलकी उचलून बघा. पाणी रबराच्या आणि काचेच्या मधून येत असेल तर दोष काचेच्या बाजूचा, रबराच्या खालून पत्र्यावरून येत असेल तर पत्र्याच्या बाजूचा. दुरुस्ती यावरूनच ठरते.

कडा सगळ्या कोरड्या आणि टपावर पाणी टाकताच गळती सुरू, असं झालं तर काचेला दोष देऊ नका. कॅरिअरच्या बोल्टची भोकं, टपावरचे छोटे दिवे, पत्र्याच्या जोडातलं तडकलेलं सीलंट, हे बघा. वायपरच्या स्पिंडलखालचं वॉशर आणि काचेखालची हवेची जाळी यांतूनही पाणी येतं. कडुनिंबाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी त्या जाळीचे निचऱ्याचे मार्ग आधी साफ करावेत.

उभ्या गाडीत गळती सापडत नाही आणि पळत्या गाडीत सापडते, असंही होतं. पळताना वाऱ्याचा दाब असतो आणि केबिन पिळते. केबिन ज्यांवर टेकलेली असते ती खालची रबरं, म्हणजे माउंटिंग, दबून गेली असतील तर पीळ वाढतो आणि प्रत्येक खड्ड्याला काचेचा कोपरा क्षणभर उघडतो. तिथे काचेवर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही, आधी केबिनची माउंटिंग बघा.

नवी काच, जुनं रबर

ही कंजूषी आमची. "रबर चांगलंय की, कशाला बदलायचं?" असं आम्हीच म्हणालो होतो. रबर कोपऱ्यात दुमडून बघायचं. वळणावर बारीक भेगा उघडल्या किंवा नखाने दाबलं तरी दबत नसेल तर ते गेलं. आपल्या उन्हात ते लाकडासारखं होतं आणि जुन्या काचेच्या आकाराला बसलेलं रबर नव्या काचेला नीट धरत नाही.

नवं रबर मीटरवर कापून घेणार असाल तर ताणून बसवू देऊ नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि जोड उघडा पडतो, नाहीतर कोपरा उचलतो. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्तच कापायचं आणि जोडाशी दाबून बसवायचं. आमच्या कारागिराची थोडी चूक म्हणालो ती इथे: जुनं रबर कोपऱ्यात कमी पडत होतं, ते त्याने ओढून जुळवलं होतं.

गंजलेल्या कडेवर लांबी (पुट्टी)

काच काढली आणि खरं दुखणं दिसलं. वरच्या कोपऱ्यात दोन पत्र्यांचा जोड केसाएवढा तडकला होता आणि खालच्या कडेला, आमच्या सिलिकॉनखाली, पत्रा पापडासारखा झाला होता. डेंटर म्हणाला, "लांबी भरून देऊ का? संध्याकाळी गाडी घेऊन जा." मोह होतो. पण लांबी ओल धरते आणि केबिनच्या कंपनांनी तडकते. रबराला पकडायला कड एकसारखी लागते. कमीजास्त झाली तर गळती होतेच, वर नवी काच बसवताना उंचवट्यावर चीर जायची भीती. म्हणून तडा वेल्डिंगने बंद केला, खालचा सडका पत्रा कापून नवा तुकडा जोडला, गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत काढला, मग प्रायमर आणि रंग. तो पूर्ण वाळेपर्यंत गाडी दोन दिवस उभी राहिली. भाडं बुडालं, पण काच निघालेली असताना जे होतं ते नंतर होत नाही.

बसवताना

रबर आधी काचेवर चढवायचं, मग पत्र्याच्या खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवायची. तिची दोन्ही टोकं आतल्या बाजूला खाली मध्यावर. बाहेरून एकाने तळव्याने दाबायचं, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची, की ओठ पत्र्यावरून आत येते. रबर सरकायला साबणाचं पाणी वापरा. डिझेल, ग्रीस, जुनं ऑइल हे हाताशी असतं म्हणून लावतात, आणि त्याने रबर फुगून मऊ पडतं.

सीलंट घ्यायचं ते रबरात बसणाऱ्या काचांसाठीचं काळं, न वाळणारं. चिकटवायच्या काचांचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट इथे नको, पुढच्या वेळी काच काढताना रबर फाडूनच काढावं लागेल. चपट्या तोंडाच्या नळीने रबराची बाहेरची ओठ उचलून आत भरायचं, काचेच्या बाजूलाही आणि पत्र्याच्या बाजूलाही. वरून फासायचं नाही. आणि दुपारी तापलेल्या पत्र्यावर नको, हे काम सकाळी लवकर.

पुढच्या काचेवर लॅमिनेटेडचा शिक्का आहे ना, तेही बसवण्याआधी बघा. तिच्या दोन काचांमधल्या थराला कडेने सतत ओल लागली की कडा दुधाळ होत जातात. आमच्या पहिल्या नव्या काचेची खालची कड पाच महिन्यांतच पांढरी पडायला लागली होती.

यंदाच्या हस्तात उजवा पाय कोरडा राहिला. क्लीनरच्या बाजूला मात्र अजून थोडं पाणी येतं. ते दरवाज्याच्या रबरातून. पावडर टाकून बघितलंय.